डॉक्टरांना दाखवायची वही

९ फेब्रुवारी

आजपासून मी शिकंज्याला हात लावायचा नाही. छत्तीस वर्षं ज्याचा दांडा फिरवून पुस्तकं दाबली, तो आता नुसता बघायचा. बाइंडरला हे सांगणं म्हणजे गवयाला सांगणं की तोंड मिटून बस.

हृदयाला रक्त देणाऱ्या तीन रक्तवाहिन्या, तिन्हींत अडथळे. मी डॉक्टरांना विचारलं, हृदय तर रक्तानं भरलेलंच असतं, त्याला आणखी वेगळं कशाला? ते म्हणाले, आचाऱ्यालाही जेवावं लागतंच की. माणूस बरा वाटला.

मला वाटत होतं चरबी नळीच्या मधोमध साचते. तसं नाही. ती आतल्या अस्तराखाली साचते. हे मला चटकन समजलं, कारण खळ कमीजास्त लागली की अस्तराच्या कागदाखाली असाच फुगा धरतो. हात फिरवला तरी कधी कळतो, कधी नाही. डॉक्टर म्हणाले, फुगा किती मोठा यावर जाऊ नका. छोटासुद्धा फुटतो, फुटला की तिथं रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. हे ऐकून माझी पाचावर धारण बसली.

शस्त्रक्रिया २७ मार्चला. तोवर औषधं, सपाट रस्त्यावर हळू चालणं, आणि छातीत दुखलं की जिभेखाली एक गोळी. शिवाय लिहून ठेवायचं: कधी दुखलं, काय करत असताना, कुठे, किती वेळ. एका ओळीत.

एका ओळीत लिहायचा माझा स्वभाव नाही. म्हणून कातरणातल्या कागदांची ही जाड वही माझ्यासाठी बांधली. डॉक्टरांसाठी वेगळी पातळ वही हिनं शिवली, कापडी पाठीची. दर रविवारी इथलं कामापुरतं तिथं उतरवायचं. आमच्या दुकानातून कच्चं काम बाहेर जात नाही.

१२ फेब्रुवारी

मुकादम (म्हणजे आमची ही, हे नाव मी लग्नानंतर महिन्याभरात ठेवलं आणि तिला ते आवडतं असं ती कधी कबूल करत नाही) कामाला लागली. खाली दुकान आणि वर घर असल्यानं तिला सुटका नाही. कॉलेजच्या हजेरीपत्रकांचं मोठं काम हातात आहे. आजवर ती दुमडलेल्या कागदांचे फर्मे शिवायची आणि मी दाबायचो. आता दोन्ही तीच करते, आणि मी स्टुलावर बसून सूचना करतो.

"दांडा झटक्यानं नको. अंगाचा भार दे."

"अहो, छत्तीस वर्षं तुमच्या शेजारी उभी आहे मी. आंधळी नव्हते."

दुपारी पायऱ्या चढताना छातीत आवळल्यासारखं झालं. तीन मिनिटं. पहिली गोळी घेतली. दुखणं थांबलं पण नंतर अर्धा तास डोकं ठणकलं. डॉक्टर म्हणाले होतेच, या गोळीनं डोकं चढतं. बाटलीत तीस होत्या, आता एकोणतीस. बाटली दुकानात दोऱ्याच्या फळीवर ठेवली आहे, म्हणजे दोघांनाही माहीत.

१६ फेब्रुवारी

ही दोरा दातानं तोडते. हजार वेळा सांगितलं, कात्री समोर आहे. आज जबडा दुखतो म्हणून गाल धरून बसली. मी म्हटलं, भोग आता. तासाभरानं थांबलं. परत दांड्याला लागली तेव्हा परत सुरू झालं. दाताचं असंच असतं, मधूनच चाळवतं.

मला आज काही झालं नाही.

१८ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. म्हणे, दात खणखणीत आहेत, लोखंडाचे चणे फोडतील इतके. ही वैतागली. "उगाच अर्धा दिवस घालवला," म्हणाली. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला दाखव. ती म्हणाली, "दुकानात एक पेशंट पुरे."

माझी दुसरी गोळी काल, आंघोळीनंतर. दोन मिनिटं.

२० फेब्रुवारी

डॉक्टरांकडे. लिफ्ट बंद. दोन मजले हळूहळू चढलो, मध्ये थांबत. एकदा मी थांबलो नव्हतो तरी ही थांबली, चपलेचा पट्टा नीट करत. बराच वेळ पट्टा. मी वरून म्हटलं, पेशंट वर पोचला, सोबतीण खाली.

डॉक्टर वहीवर खूश. पाठ हाताळून बघितली, म्हणाले, "आत काय लिहिलंय ते नंतर, आधी हे कुणी शिवलं ते सांगा." ही लाजली. मग त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला: मिशावाला माणूस, छातीवर मूठ. दुखणं कुठून कुठं जातं ते समजावलं. पुढेही बरंच बोलले, बायकांचं कसं वेगळं असतं वगैरे. ते मला लागू नाही म्हणून उतरवून घेतलं नाही.

येताना ही एकदम गप्प. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. तक्त्यावर बाई का नाही काढत हो?" मी म्हटलं, बाई काढली तर ती थांबून दुखणं दाखवायला तयार व्हायला नको का, तिला गॅसवरचं दूध आठवेल. हसली नाही. एरवी हसते.

२३ फेब्रुवारी

परवा एक गोळी घेतली. म्हणजे माझ्या तीन. बाटलीत सत्तावीस हव्यात. पंचवीस आहेत. दोनदा ओतून मोजल्या.

हिला विचारलं. "मोजायला चुकला असाल," म्हणाली. आणि पुढे काहीच नाही. एरवी माझ्या विसराळूपणावर तिचं भाषण निदान दहा मिनिटांचं. आज चक्क सौम्य. मला ते बरं वाटलं नाही. आजारी माणसाशीच लोक असं बोलतात.

१ मार्च

रविवार. पातळ वहीत उतरवून काढलं. ही शेजारी बसून बघत होती. इथलं पान वाचून म्हणाली, "माझे दात, माझ्या चपला, हे काय पुराण लावलंय? डॉक्टरला यातलं काही द्यायचं नाही हं."

"देत नाही. त्यांच्या वहीत चार रकाने आहेत, तू कुठल्याच रकान्यात बसत नाहीस."

"बरं," म्हणाली. मग थोडा वेळ डोकं धरून बसली. खळीचा वास हल्ली तिला चढतो.

काल इस्पितळातून फोन होता. तारीख पक्की ना विचारायला. सोबत राहणारं माणूस धडधाकट हवं, दहा दिवस रात्रंदिवस लागेल. तारीख चुकली तर पुढची चार महिन्यांनी. फोन हिनंच घेतला. "मी आहे ना, मला काय धाड भरलीय," असं म्हणाली. मी शेजारीच होतो.

चार महिने मी काढेन असं मला वाटत नाही. हे कुठंतरी लिहायला हवं म्हणून इथं लिहितो.

६ मार्च

भांडण झालं. चूक कुणाची ते मी नंतर ठरवीन असं आधी लिहिणार होतो, पण माझीच होती बहुतेक.

शंभर हजेरीपत्रकं दाबायची होती. पंचविसावर ती दांडा सोडून कागदाच्या गठ्ठ्यावर बसली. चेहरा खळीसारखा पांढरा, कपाळावर घाम. मळमळतंय म्हणाली. खळ आंबली असेल म्हणून तिनं सगळी मोरीत ओतली. मी हुंगून बघितली होती, खळ ताजी होती. मी म्हटलं, काम टाळायचं असेल तर सरळ सांग. ती वर गेली आणि आडवी झाली. दिवसाढवळ्या. छत्तीस वर्षांत असं मी पाहिलेलं नाही.

मला राग आला. हृदय माझं, ऑपरेशन माझं, आणि झोपते ही. मी खाली एकटा बसून होतो. मला वाटलं, मीच हिच्या गळ्यात धोंडा झालोय आणि ती आता थकली माझी. चौथी गोळी घ्यावी लागली, त्या रागानंच.

संध्याकाळी ती खाली आली आणि उरलेली पंच्याहत्तर दाबली. दर दहा-बाराला फळीपाशी जाऊन दोरा शोधत होती. दोरा तिच्या गळ्यातच लोंबत होता.

११ मार्च

शस्त्रक्रियेची भीती वाटते. छातीचं हाड कापतात. पायातली नस काढून हृदयावर जोडतात, अडथळ्याला वळसा घालून. मी हिला विचारलं, मी परत आलोच नाही तर?

"न यायला काय झालं? शिकंजा कोण दाबणार?"

"थट्टा नको."

मग ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "तुमचं होऊन जाऊ दे. एकदा तुमचं झालं ना, की मी कुणाचं ऐकणार नाही. पंधरा दिवस नुसती पडून राहीन. मला काय काय झालंय ते सगळं एका दमात सांगीन तुम्हाला."

"काय झालंय?"

"कंबर, पाठ, दात. म्हातारी झालेय, आणखी काय."

तिचा हात गार होता. मी जरा वेळ धरून ठेवला. पाचवी आणि सहावी गोळी या आठवड्यातली, दोन्ही चालताना.

१४ मार्च

आज मी खरोखर घाबरलो. बाटलीत अकरा गोळ्या आहेत.

माझ्या सहा. म्हणजे चोवीस हव्यात. तेरा गोळ्या कुठे गेल्या? मुलगी गेल्या महिन्यात एकदाच आली होती, ती फळीला हात लावत नाही. एकच अर्थ निघतो. मला झोपेत दुखतं, मी उठून खाली येऊन गोळी घेतो आणि सकाळी आठवत नाही. म्हणजे दुखणं मला माहीत आहे त्याच्या तिप्पट आहे.

हिला सांगितलं. ती हातातला दोरा परत रिळावर गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरला सांगू नका. तारीख पुढे ढकलतील." मलाही तीच धास्ती होती. पातळ वहीत सहाच लिहिल्या. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा खोटं काम बाहेर गेलं.

एक मात्र केलं. बाटली फळीवर ठेवायची नाही असं ठरवलं. दिवसा माझ्या सदऱ्याच्या खिशात, झोपताना उशीखाली. मग बघू कुठे जातात.

"फळीवरच राहू द्या की," ही म्हणाली. "तुम्हाला घाईत लागली तर मला सापडायला हवी."

"माझ्या खिशात हात घाल, सापडेल."

दोनदा म्हणाली फळीचं. मी ऐकलं नाही. बाकी सगळ्यात तिचं ऐकतो.

१५ मार्च

अकरा. एकही कमी नाही. उपाय लागू पडला.

१७ मार्च

सकाळी ही आरशासमोर नुसती बसलेली. केस मोकळे. म्हणाली, डावा हात वर जात नाही, भरून येतो. दांड्यानं खांदा धरला असणार. मग म्हणाली, "वेणी घालता येईल का तुम्हाला?"

आता तीन पदरी वेणी बाइंडरला काय अवघड. पाठीच्या दोऱ्या मी अशाच वळतो. मधोमध भांग, पदर सारखे, शेवटी गाठ. आरशात बघून म्हणाली, "पुस्तकाला शोभेल." खूप दिवसांनी दोघं मोकळं हसलो. हसता हसता तिला धाप लागली आणि ती म्हणाली, थांबा, हसवू नका.

मी तिला म्हटलं, उरलेली हजेरीपत्रकं राहू देत, कॉलेजला कळवू. ती म्हणाली, तुमच्या आधी संपवते. दहा दिवस राहिलेत.

अजून अकरा.

१९ मार्च

वीस मिनिटं चाललो. तळ्याला पूर्ण फेरी, न थांबता. छातीत काही नाही. ही वीस मिनिटं मी महिन्यापूर्वी स्वप्नातसुद्धा चाललो नसतो.

दुकानात बसून आधी लिहून घेतोय, नाहीतर वेळ विसरतो. आठ दिवस राहिले. आता वर जाऊन मुकादमला सांगतो, खूश होईल.

३० मार्च

ती वर पलंगापाशी खाली पडली होती. माझी उशी जमिनीवर होती. अंग अजून गरम होतं. मी शेजाऱ्यांना हाका मारल्या, गाडी आली, इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयविकाराचा मोठा झटका, त्या गेल्या. मी त्यांना म्हटलं, चूक होतेय, पेशंट मी आहे. त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

अकरा दिवस मी वही उघडली नाही. २७ तारीख आली आणि गेली. मुलगी इथंच राहिली आहे.

आज तिनं सांगितलं. इतके दिवस मनात ठेवलं होतं ते.

"आईनं मला फोन केला होता बाबा. तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलात ना दोघं, त्याच दिवशी. म्हणाली, डॉक्टर बायकांचं जे बोलले ते सगळं मला होतंय. बाबांची गोळी घेऊन बघते, थांबलं तर समजायचं. मग दोन दिवसांनी परत फोन. म्हणाली, थांबतं गं."

"मग तू?"

"मी म्हटलं, आजच्या आज दाखव. ती म्हणाली, मला ठेवून घेतलं तर बाबांबरोबर कोण राहणार? त्यांची तारीख जाईल. सत्तावीसनंतर दाखवते. मला शपथ घातली तिनं. मी ती पाळली." मग ती रडली. "मी का पाळली बाबा?"

मला तिला धरता आलं, इतकंच. मी रागावलो तर कुणावर रागावणार? हिच्यावर राग येतो. खूप येतो. तिनं मला विचारायला हवं होतं की चार महिने थांबता का. मी थांबलो असतो का, ते मला माहीत नाही. तिला बहुतेक माहीत होतं.

३ एप्रिल

डॉक्टरांकडे. मुलगी सोबत. लिफ्ट सुरू झाली आहे.

या वेळी ही जाड वही नेली. ते म्हणाले, तुमची ती सुंदर वही कुठंय? मी म्हटलं, ती फेकली. हे वाचा. पहिल्यापासून.

ते वाचत गेले. बोट ओळीखाली ठेवून, हळूहळू. दातापाशी थांबले. चपलेच्या पट्ट्यापाशी थांबले. खळ ओतली तिथं चष्मा काढला. वेणीचं पान दोनदा वाचलं. बाहेर पेशंट खोळंबले होते, नर्स दोनदा डोकावून गेली.

"हे मला त्याच आठवड्यात दिसलं असतं तर," ते म्हणाले आणि वही मिटून समोर ठेवली. मग म्हणाले, "माझीही चूक आहे. त्या इथं, या खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांना काही विचारलंच नाही. वही कुणी शिवली, एवढंच विचारलं."

मुलीची तपासणी आजच करून घेतली. तिला बजावलं, हा आजार आता आईकडूनही आहे आणि वडिलांकडूनही. माझी नवी तारीख २७ जुलै. मी नाही म्हणणार होतो. मुलगी माझ्याकडे बघत होती. हो म्हणालो.

५ एप्रिल

रविवार. उतरवायचा दिवस.

तेरा गोळ्यांपैकी आठांचे दिवस मला या वहीत सापडले. डोकं धरून बसली, दोरा शोधत फळीपाशी गेली, असं मीच माझ्या हातानं लिहिलेलं आहे. पाच सापडत नाहीत. त्या दिवशी मी फक्त माझं लिहिलं.

तिच्यासाठी नवी वही शिवली. कापडी पाठ, चार रकाने. दोरा दातानं तोडला. सगळ्या ओळी क्रमानं भरल्या, जबड्यापासून सुरुवात करून. शेवटची ओळ अशी:

कधी: १९ मार्च, सकाळी.
काय करत असताना: माझ्या उशीखाली गोळी शोधत असताना.
कुठे: घरी, एकटी.
किती वेळ: माहीत नाही. मी खाली बसून लिहीत होतो, छातीत काही नाही. बाटली माझ्या खिशात होती, आत अकरा.